नझिफचा पाय बोलतो

“बोलला! पाय बोलला!”

अंगणातून एकच गलका उठला आणि लाल फडक्याखाली बसलेल्या नझिफनं डोळे गच्च मिटले. त्याच्या उजव्या पायाचं मांडीपुरतं उरलेलं थोटूक उशीवरून ताडकन उडालं होतं आणि अजून थरथरत होतं. नझिफनं ते उडवलं नव्हतं. दोन्ही हातांनी दाबून धरलं तरी ते तळव्यांखाली हिसके देतच राहिलं. कुणाचं तरी जनावर मांडीवर आणून ठेवावं, तसं त्याला वाटत होतं.

लिपोवा गाव सगळंच्या सगळं त्याच्या अंगणात लोटलं होतं. आलुबुखाराच्या झाडांखाली बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, पुरुष कुंपणाला टेकून सिगारेटी ओढत होते. मधोमध नझिफ, आणि त्याच्या डोक्यावर पाण्याचं तांब्याचं भांडं धरून उभी असलेली म्हातारी मुनिबा. शेजारी शेगडीवर शिसं वितळत होतं आणि लोखंडी डाव हातात घेऊन रागिब एफेंदी डोळे मिटून डुलत होता.

“मी कोण?” रागिब घोगऱ्या आवाजात म्हणाला. “मी कुणी नाही. मी विचारत नाही, शिसं विचारतं. मी सांगत नाही, पाय सांगतो. या माणसाचा पाय कबरस्तानात पुरलाय. अर्धा माणूस मातीत, अर्धा आपल्यात! मातीत कोण कुठं झोपलंय, हे मातीतल्याला नाही तर कुणाला ठाऊक? मी तर नुसता डाव धरणारा!”

हे शेवटचं वाक्य तेवढं शंभर टक्के खरं होतं. डाव त्याच्याच हातात होता.

“एफेंदी, पुन्हा विचारा,” मुनिबा म्हणाली. “माझा लेक मिर्झेत ग्राबिकवरच आहे ना? नीट विचारा हो.”

“मिर्झेत नदीकाठी आहे?” रागिबनं विचारलं. डोक्यावरच्या भांड्यात बारीकसं ‘छिस्स’ झालं. पाय गप्प.

“जुन्या गिरणीमागं आहे?” छिस्स. पाय गप्प.

“ग्राबिकच्या टेकडीवर आहे?”

थाड! भांड्यात स्फोट झाल्यासारखा आवाज झाला, वाफ उसळली, आणि नझिफचं थोटूक पुन्हा ताडकन उडालं. बायकांनी हंबरडा फोडला. मुनिबाच्या हातातलं भांडं हिंदकळून नझिफच्या मानेवर पाणी सांडलं आणि भीतीनं त्याचे दात वाजायला लागले.

भेदरलेल्या माणसाला फडक्याखाली बसवायचं, डोक्यावर पाणी धरून त्यात शिसं ओतायचं, म्हणजे अंगातली भीती शिशात उतरते, हा आमच्याकडचा जुना उपाय आहे. आज्या करायच्या, लेकरं झोपायची, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण शिशाला प्रश्न विचारायची टूम रागिबची. गावच्या इमामानं शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगितलं की, हा माणूस धर्म शिकलेला एफेंदी नाही की कुणी नाही, आणि असला धंदा आपल्या धर्मात बसत नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि मशिदीतून निघून सरळ नझिफच्या अंगणात येऊन बसले.

आता यात नझिफचा दोष म्हणाल तर एका शब्दाचा. लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी तो सरपणासाठी ग्राबिकवर चढला आणि त्याचा पाय सुरुंगावर पडला. खालचा तुकडा भावानं पांढऱ्या कापडात गुंडाळून कबरस्तानात पुरला, वरचा डॉक्टरांनी शिवला. कित्येक वर्षं सगळं ठीक होतं. गेल्या हिवाळ्यात मात्र ते थोटूक आपोआप उडायला लागलं. आधी झोप लागताना, मग जेवताना, मग कधीही. नझिफनं ते पट्ट्यानं खुर्चीला बांधून पाहिलं. बायकोला, शेम्साला, त्यानं सांगितलं, पण डॉक्टरला सांगितलं नाही. वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, अशी त्याला धास्ती होती. पुरलेला पाय आपल्याला खाली ओढतोय, असंही त्याला अधूनमधून वाटायचं, आणि हे तर त्यानं शेम्सालाही सांगितलं नव्हतं.

एक दिवस कॉफी पिता पिता तो दोस्तांना बोलून गेला, “आज पाय बोलतोय लेको, पाऊस येणार.”

गुडघे बोलतात, कंबर बोलते, तसा पाय बोलतो. एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण आमचं गाव साधं गाव नाही. इथं घरटी एक माणूस लढाईत नाहीसा झालाय आणि त्यांची हाडं अजून मिळालेली नाहीत. ज्यांची माणसं मातीत कुठंतरी हरवलीत, त्यांच्या कानाला ‘मातीतला पाय बोलतो’ हे शब्द कसे लागले असतील! संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि आठवडा सरायच्या आत नदीपलीकडून रागिब हजर झाला. गूळ कुठं सांडलाय हे मुंगळ्याला सांगावं लागत नाही.

त्याची एक हुशारी मात्र मानली पाहिजे. तो पायाकडून ज्या जागा वदवायचा, त्या सगळ्या लाल पाट्यांपलीकडच्या असायच्या. ‘सुरुंग’ असं लिहिलेल्या, कवटी काढलेल्या पाट्या. तिथं कोण खणायला जाणार आणि खोटं कसं पडणार? लोक पाटीच्या अलीकडे उभे राहायचे, रागिब लांबूनच दुवा वाचायचा, आणि जाताना कुणाचं कोकरू, कुणाचा मध, कुणाचे अक्रोड घेऊन जायचा. असं छान चाललं होतं.

पण मुनिबा पाटीच्या अलीकडे थांबणाऱ्यातली नव्हती.

“उद्या सकाळी मी वर जाते,” भांडं खाली ठेवून ती म्हणाली. “शेम्सा, तुझं फावडं दे गं.”

नझिफनं फडकं ओढून काढलं. रागिबचा चेहरा खर्रकन उतरलेला त्याला दिसला, पण क्षणभरच. मग एफेंदीनं दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “आईच्या पावलाला माती ओळखते.”

“मावशी, वेड लागलंय का?” नझिफ ओरडला. “ग्राबिक आहे तो! माझा पाय तिथंच गेलाय!”

“म्हणून तर त्याला माहीत आहे,” मुनिबा शांतपणे म्हणाली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण काडी हातात आलेल्या बाईला ‘ही काडी आहे’ असं सांगून बघा.

त्या संध्याकाळी नझिफनं जेवणाचं ताटही दूर सरकवलं. “शेम्सा, म्हातारी मरणार गं,” तो म्हणत होता. “आणि मी मारणार. माझ्या पायानं हो म्हटलंय.”

“तुझ्या पायाला काय कळतंय रे! कधी बूट नीट पुसला नाही त्यानं,” शेम्सा म्हणाली खरी, पण लगेच उठली. तिनं जाऊन झुम्राबाईंना बोलावून आणलं.

झुम्राबाईंनी निम्म्या गावाला जीवशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन घरी बसल्या, तरी कुणीही त्यांच्यासमोर आलं की पाठ सरळ करून उभं राहायचं. रागिबच्या सभेला त्या एकदाही आल्या नव्हत्या. त्यांचा नवरा सेनाद, तोही बेपत्ताच होता.

“पाय दाखव,” त्या म्हणाल्या.

नझिफनं विजार वर केली. थोटूक निवांत पडलं होतं. “आत्ता नाही बोलत,” तो ओशाळून म्हणाला.

तेवढ्यात चुलीपाशी शेम्साच्या हातून पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं. ढण्ण! थोटूक ताडकन उडालं. नझिफनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. बाईंनी मात्र चष्मा नाकावर सरकवला, झाकण उचललं आणि पुन्हा मुद्दाम आदळलं. पाय पुन्हा उडाला.

“बाई, मला भीती वाटते,” नझिफ म्हणाला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण शाळेतल्या पोरासारखा रडकुंडीला आला होता.

“वाटणारच. पण आत्ता झाकण ‘ग्राबिक’ म्हणालं का?”

“नाही.”

“मग पाय हो कशाला म्हणाला?”

बाईंनी त्याच्याकडून इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर घेतला, आता कोपऱ्यात पडलेला त्याचा लाकडी पाय जिथं बनला होता तिथल्या, आणि दिवाणखान्यातून फोन लावला. बऱ्याच वेळानं परत आल्या. “तू वेडा नाहीस. पाय कापताना नसा तुटतात ना, त्या तुटक्या नसा आणि त्यांना हुकूम देणारा पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांचा मेळ कधीकधी बिघडतो. मग स्नायू आपोआप झटके देतात. सगळ्यांना होत नाही, काहींना होतं. आणि कधीकधी फार वर्षांनीही सुरू होतं. थंडीनं वाढतं, दचकल्यानं वाढतं, काळजीनं तर फारच. डॉक्टर त्याला ‘उडतं थोटूक’ म्हणतात. औषध आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलंय.”

“नाव आहे त्याला?” नझिफनं विचारलं.

“नाव आहे.”

तेव्हा मात्र तो ओक्साबोक्शी रडला. इतके महिने ज्याला तो भूत समजत होता त्याला नाव होतं, आणि ते जगात दुसऱ्यांनाही होत होतं.

सकाळी धुकं होतं. मुनिबा फावडं घेऊन ग्राबिकच्या पायथ्याशी पोचली होती, आणि तिच्यामागं सगळं गाव. रागिबला यायचं नव्हतं, पण दोघांनी त्याला आदरानं दंडाला धरून आणलं होतं. आदर कधीकधी असा अंगाशी येतो. त्याची शेगडी, डाव, भांडं, सगळं सोबत होतं, कारण मुनिबाला एक शेवटचं विचारायचं होतं: टेकडीवर नेमकं कुठं?

“विचारा,” ती म्हणाली. “कडेच्या बीचच्या झाडाखाली, की खडकापाशी?”

नझिफ कुबड्यांवर येऊन दगडावर बसला. लाल पाटी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होती आणि तिच्यापलीकडचं गवत कमरेइतकं वाढलं होतं. त्या गवताकडे बघवत नव्हतं. त्याला तो स्फोट पुन्हा ऐकू यायला लागला, आणि नुसत्या आठवणीनंच थोटूक हलायला लागलं.

“बघा, घाई झालीय त्याला सांगायची!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“थांबा,” झुम्राबाई पुढं आल्या. “एफेंदी, मीही एक बेपत्ताची बायको आहे. मलाही विचारायचंय. पण आधी मुनिबाचं होऊ दे. फक्त एक विनंती. पायाला ऐकू येतं, कानाला नाही, असंच ना?”

“अर्थात! कान हा देहाचा, पाय मातीचा,” रागिब म्हणाला. त्याला ते वाक्य आवडलंही असावं.

“झालं तर मग.” बाईंनी खिशातून मेण लावलेले लोकरीचे दोन बोळे काढले आणि नझिफचे दोन्ही कान गच्च बंद केले. वर फडकं टाकलं.

जग एकदम दूर गेलं. नझिफला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. फडक्याखाली उबदार होतं. कधी नव्हे ते त्याला बरं वाटलं आणि हळूहळू थोटूक शांत झालं.

बाहेर रागिबनं विचारलं, “मिर्झेत बीचखाली आहे?” छिस्स. पाय गप्प. “खडकापाशी आहे?” थाड! वाफ उसळली, पुढच्या बायका दचकून मागं सरकल्या. पाय गप्प.

रागिबनं पुन्हा डाव भरला. “खडकापाशी आहे?” थाड! पाय हलला नाही.

“आज त्याची मर्जी नाही,” रागिब घाम पुसत म्हणाला. “गर्दीत कुणी नास्तिक असलं की...” आणि नेमकं तेव्हाच, कुणी काहीच विचारत नसताना, थोटूक उडालं.

“आता हो कशाला म्हणाला? तुमच्या घामाला?” गर्दीतल्या एकानं विचारलं. दोनचार जण हसले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली की चमत्कार. कावळा नसताना मोडली की मग काय म्हणायचं, ते एफेंदीला सुचेना.

झुम्राबाईंनी नझिफच्या कानांतले बोळे काढले. फडकं तसंच राहू दिलं. मग त्यांनी पिशवीतून पातेल्याचं झाकण काढलं आणि ताठ उभ्या राहिल्या.

“माझा प्रश्न,” त्या म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता, पण कुठंतरी चिरत होता. “माझा नवरा सेनाद चंद्रावर आहे का?”

आणि झाकण दगडावर आदळलं. पाय ताडकन उडाला.

“सेनाद माझ्या या पिशवीत आहे का?” ढण्ण! पाय उडाला.

“सेनाद जिवंत आहे का? दुपारी जेवायला घरी येणार आहे का?” ढण्ण! पाय उडाला.

कुणी हसलं नाही. बाईंनी झाकण खाली ठेवलं.

“बघितलंत? तिन्हीला हो म्हणाला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळे पायाकडे बघत होतात. हाताकडे कुणी बघितलंत? नको असलेल्या जागेचं नाव आलं की डावाच्या कडेनं थेंबभर शिसं. हव्या जागेचं नाव आलं की अख्खा डाव पाण्यात. आवाज झाला की नझिफ दचकतो, आणि तो दचकला की त्याचे दुखावलेले स्नायू उडतात. भीती उतरवायचं शिसं, आणि हा माणूस त्यानंच भीती घालतो! पाय बोलत नाही. हा बोलतो, आणि तुमच्याच माणसांच्या नावानं बोलतो.”

सगळ्यांचे डोळे वळले, पण एफेंदी जागेवर नव्हता. धुक्यात नदीच्या बाजूला एक चांगला काळा कोट लगबगीनं चालला होता. शेगडी तशीच जळत होती.

“खोटं,” मुनिबा म्हणाली.

तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. “तुला नाही सापडला तुझा, म्हणून माझाही सापडू नये असं वाटतं तुला,” ती झुम्राबाईंवर ओरडली. “असेल तो लबाड. पण मिर्झेत वर असूही शकतो! असू शकतो की नाही? सांग ना, शिकलेली आहेस!”

असू शकत होता, हे खरंच होतं. मुनिबानं फावडं उचललं आणि पाटीकडे चालायला लागली.

तेव्हा नझिफनं अंगावरचं फडकं फेकून दिलं. त्यानं कुबड्या घेतल्या, एक हातातून सुटली, तसाच लंगडत एका पायावर उड्या घेत तो पुढं झाला आणि पाटीसमोर आडवा उभा राहिला. तिथपर्यंत यायची हिंमत त्याला इतक्या वर्षांत झाली नव्हती. थोटूक वेड्यासारखं उडत होतं.

“हो बाजूला,” मुनिबा म्हणाली. “बघ, तुझा पाय अजून बोलतोय.”

“तो घाबरलाय, मावशी! मी घाबरलोय!” नझिफ ओरडला. “पाय काही बोलत नाही. आता मी बोलतो, माझं ऐक. मी वर गेलो होतो. क्लिक असा आवाजही येत नाही, लोक उगाच सांगतात. काहीच येत नाही. आपण उताणे पडलेले असतो आणि बूट समोर झाडाला अडकलेला असतो. मग मी आईला हाका मारल्या. माझी आई खाली उभी होती, इथं, तू उभी आहेस तिथं, आणि चार जणांनी तिला धरून ठेवली होती. मी तिला येऊ देऊ नका म्हणून ओरडत होतो. मिर्झेत वर असेल, तर तोही तेच म्हणत असेल.”

मुनिबा थांबली. मग फावडं तिच्या हातातून गळालं, आणि ती खाली बसली.

“मग तो आहे कुठं?” तिनं झुम्राबाईंना विचारलं.

“माहीत नाही, मुनिबा,” बाई तिच्याशेजारी ओल्या गवतात बसल्या. “मला माझाही माहीत नाही. हे दोन शब्द म्हणायला फार जड जातात, म्हणून तर आपण असल्यांच्या हाती लागतो. पण ‘माहीत नाही’ म्हटल्यानं कुणी मरत नाही. खोटं ‘माहीत आहे’ माणसाला सुरुंगावर नेतं. सुरुंग काढणारी माणसं येतील तेव्हा येतील, ती सळईनं बोटबोट जमीन तपासतात. सापडलेल्या हाडांशी नातेवाइकांचं रक्त शहरात जुळवून बघतात. मी दिलंय. तू दिलंस?”

“रक्त दिलं म्हणजे तो मेला असं मीच म्हटलं,” मुनिबा पुटपुटली. “रागिबही नको म्हणाला होता.”

“रक्त काही म्हणत नाही. रक्त नुसतं जुळतं, नाहीतर जुळत नाही.”

त्यापुढच्या सोमवारी शहराच्या बसमध्ये तिघं होती. झुम्राबाई खिडकीशी, मुनिबा आणि नझिफ पलीकडच्या बाकावर. तिला बोटातून रक्ताचे थेंब द्यायचे होते, त्याला डॉक्टरीणबाईंना पाय दाखवायचा होता. दोघंही घाबरलेली होती. लोकहो, शहाणपण आलं म्हणून भीती लगेच जात नाही. भीती वाटत असतानाही योग्य दाराशी जायचं, एवढंच शहाणपणाला जमतं, आणि तेवढं पुरतं.

घाटात बसनं गचका खाल्ला आणि विजारीच्या दुमडलेल्या कापडाखाली थोटूक उडालं. नझिफनं घाईघाईनं त्यावर टोपी ठेवली. टोपीही हलायला लागली. तो शरमेनं लाल झाला.

मुनिबानं टोपी उचलून त्याच्या हातात दिली आणि आपला खरखरीत पंजा त्या थोटकावर ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. ते हाताखाली उडत राहिलं. तिनं हात काढला नाही. सबंध गावानं त्या पायाला काय काय विचारून घेतलं होतं. कोण कुठं पुरलंय, कोण केव्हा येणार, नवस फळेल का. ती जरा वाकली आणि तिनं पायाला नाही, नझिफला विचारलं,

“दुखतं का रे?”

“हो, मावशी,” तो म्हणाला. “फार दुखतं.”